हरवलेली अश्वशक्ती

जुनी आलिशान सेडान हौसेने बाळगणाऱ्याच्या मनात कधी ना कधी एक इच्छा हटकून येते: हिचे इंजिन आणखी थोडे ओढते तर किती बरे झाले असते. बैठक, दार लागतानाचा भरीव आवाज, खराब रस्त्यावरची शांत चाल, या बाबतीत ती आजच्या गाड्यांनाही हार जात नाही. पण सिग्नल सुटला की शेजारची साधी डिझेल हॅचबॅक सहज पुढे निघून जाते. मग शोध सुरू होतो. कुणी वेगळा एअर फिल्टर सुचवतो, कुणी मोकळा सायलेन्सर, कुणी चिप, कुणी थेट टर्बो. माझे म्हणणे असे आहे की, अशा गाडीतून मिळवण्याजोगी ताकद बहुतांशी तिचीच, वर्षानुवर्षे थोडीथोडी हरवलेली ताकद असते. ती परत मिळवता येते, मोजून दाखवता येते आणि तिच्यासाठी गाडीचे काही बिघडवावे लागत नाही. त्यापलीकडची, गाडीने कधीच न पाहिलेली ताकद हवी असेल तर इंजिनात जास्त हवा कोंबावी लागते, आणि तेवढी हवा कोंबायची म्हणजे गिअरबॉक्सपासून ब्रेकपर्यंत सगळी गाडी नव्याने उभी करावी लागते. मधला सोपा मार्ग म्हणून बाजारात जे विकले जाते, त्यातले बहुतेक हाती काही देत नाही.

हे तपासायला एकच गाडी घेतलेली बरी, आणि ती मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू१२४ असावी. ही मालिका १९८४च्या अखेरीस युरोपात आली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. पुण्याशी तिचे नाते आहे: मर्सिडीजने भारतात १९९५मध्ये जोडणी सुरू केली ती टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात, आणि तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी हीच होती. ई २२० या नावाने आलेल्या पेट्रोल मॉडेलमध्ये २.२ लिटरचे, १५० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. पण ही निवड करण्याचे खरे कारण वेगळे आहे. याच सांगाड्यात खुद्द कारखान्याने दहा वर्षांत सहा सिलिंडरची निरनिराळी इंजिने आणि शेवटी व्ही-आठ इंजिनही बसवले. ‘याच गाडीतून जास्त ताकद कशी काढायची?’ या प्रश्नाचे उत्तर जगातल्या एका उत्तम अभियांत्रिकी विभागाने आधीच देऊन ठेवले आहे, तेही आकड्यांसह.

आधी इंजिनाचा हिशेब पाहू. याच मालिकेतल्या ३०० ई मॉडेलमधले एम१०३ हे इंजिन २९६२ घन सेंटिमीटरचे, सहा सिलिंडरचे, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह त्याची ताकद मिनिटाला ५७०० फेऱ्यांवर सुमारे १८० अश्वशक्ती. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते, म्हणजे त्या वेगाला ते मिनिटाला सुमारे ८४०० लिटर हवा ओढू पाहते. वाटेतल्या अडथळ्यांमुळे सिलिंडर पुरते भरत नाहीत. ८५ टक्के भरतात असे धरले तर साधारण साडेआठ किलो हवा आत जाते. पूर्ण ताकदीसाठी या हवेला तिच्या वजनाच्या सुमारे तेराव्या हिश्शाइतके पेट्रोल लागते, म्हणजे मिनिटाला दोन तृतीयांश किलो. त्या पेट्रोलातली ऊर्जा अश्वशक्तीत मोजली तर साडेसहाशेच्या वर भरते. तिच्यातला एकचतुर्थांशाहून थोडा अधिक वाटा क्रँकशाफ्टवर येतो, बाकीची उष्णता रेडिएटरमधून आणि एक्झॉस्टमधून निघून जाते. पेट्रोल जास्त ओतणे अवघड नाही. ते जाळायला हवा पुरत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून कुणीही ताकद वाढवून देण्याचे वचन दिले की विचारण्याचा प्रश्न एकच: यामुळे इंजिनात किती ग्रॅम हवा जास्त जाणार?

हाच प्रश्न हवामानाला विचारला तरी उत्तर बोलके आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्के विरळ असते. महाबळेश्वरच्या पठारावर हा फरक बारा टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात तापमान २५ अंशांवरून ४० अंशांवर गेले की आणखी पाच टक्के घनता कमी होते. एप्रिलच्या दुपारी पुण्यात उभी असलेली १८० अश्वशक्तीची गाडी त्या क्षणी प्रत्यक्षात १६२च्या आसपासच देऊ शकते. अठरा अश्वशक्तीचा हा फरक फिल्टर आणि सायलेन्सरच्या जाहिरातीत छापलेल्या वाढीएवढा किंवा त्याहून मोठा आहे. त्यामुळे जानेवारीच्या सकाळी नवा फिल्टर बसवून ‘गाडी उडायला लागली’ असे ज्याला वाटते, त्याचा अनुभव खोटा नसतो, पण त्याचे श्रेय थंडीला जायला हवे. ताकद मोजणाऱ्या डायनोवर आधी आणि नंतर मोजणी करायची तर ती त्याच मशीनवर, तेवढ्याच तापमानाला, तेवढ्याच गरम इंजिनावर करावी. नाहीतर हाती येणारा आकडा ऋतूचा असतो.

आता हरवलेल्या ताकदीकडे वळू, कारण खरी कमाई इथे आहे. तीस वर्षांच्या इंजिनाने ताकद एका जागी गमावलेली नसते. तिची गळती दहा ठिकाणी असते आणि प्रत्येक ठिकाणी ती दुर्लक्ष करण्याइतकी लहान दिसते. सुरुवात अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून करावी. ३०० ईमध्ये पेडल आणि थ्रॉटल यांच्यामध्ये दांडे आणि सांधे आहेत. ते झिजले की पाय जमिनीला टेकला तरी थ्रॉटलची झडप पूर्ण उघडत नाही. इंजिन बंद ठेवून, एकाने पेडल दाबून आणि दुसऱ्याने बोनेटखाली पाहून हे दोन मिनिटांत कळते. तरीही कित्येक गाड्या असे न पाहता वर्षानुवर्षे अर्धवट उघड्या थ्रॉटलवर चालतात. त्याच जोडणीशी स्वयंचलित गिअरबॉक्सची केबल आणि पेडल तळापर्यंत दाबल्यावर खालचा गिअर देणारा किकडाऊनचा स्विच बांधलेले आहेत. हा चार गिअरचा बॉक्स हलक्या पायाने निघाल्यास बहुधा दुसऱ्या गिअरमध्येच सुरुवात करतो. किकडाऊन चालत नसेल तर पहिला गिअर मिळतच नाही, आणि मालक इंजिनाला दोष देत राहतो. त्यानंतर ठिणगी. एम१०३ची डिस्ट्रिब्युटर कॅप इंजिनाच्या पुढच्या तोंडावर आहे आणि तिच्यात ओलावा शिरतो. पावसाळ्यात एक-दोन सिलिंडर मधूनमधून चुकू लागले की सहामधला एक हिस्सा सरळ गेला. कॅप, रोटर, वायरी आणि योग्य प्लग ही सगळ्यांत स्वस्त अश्वशक्ती आहे.

इंधनाची बाजू अधिक नाजूक आहे. बॉशच्या केई-जेट्रॉनिक पद्धतीत आत येणारी हवा एक गोल पाते उचलते, आणि त्या पात्याच्या हालचालीवर पेट्रोल किती सोडायचे हे ठरते. पात्याच्या पुढे कुठेही, इंजेक्टरच्या कडक झालेल्या रबरी रिंगांतून किंवा तडकलेल्या व्हॅक्यूम होजमधून हवा चोरवाटेने शिरली, तर ती मोजली जात नाही आणि मिश्रण पातळ होते. पंपाचा दाब पाच बारच्या वर टिकला पाहिजे. जुना पंप मोकळ्या चालीत तो टिकवतो आणि पूर्ण ताकद मागितली की खचतो. इथे आपल्याकडची एक नवी गोष्टही लक्षात घ्यायला हवी. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर मिळते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोलपेक्षा जास्त इंधन हवे. ऑक्सिजन सेन्सर असलेली केई-जेट्रॉनिक मंद चालीत हा फरक काही प्रमाणात भरून काढते, पण पूर्ण थ्रॉटलवर ती सेन्सरचे ऐकत नाही. त्यामुळे जुन्या पेट्रोलवर लावलेले मिश्रण आता ऐन जोरात थोडे पातळच राहते. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या रबराचेही इथेनॉलशी फारसे जमत नाही. मिश्रण आजच्या इंधनावर पुन्हा मोजून लावणे हे एरवी देखभालीत मोडणारे काम अशा गाडीत ताकदीचे काम ठरते.

हे सगळे झाल्यावर इंजिनाच्या पोटात डोकवावे. सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासताना आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो सगळीकडे सारखा आहे का, हे महत्त्वाचे. दीड बारपेक्षा जास्त फरक असेल तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा पिस्टन रिंग थकल्या आहेत, आणि अशा इंजिनावर पुढचा कोणताही खर्च वाया जातो. टायमिंग चेन वर्षानुवर्षे ताणली जाते, कॅमशाफ्ट काही अंश मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि खालच्या फेऱ्यांवरची ओढ कमी होते. किरकोळ ताण सावरण्यासाठी मर्सिडीज वेगवेगळ्या अंशांनी सरकवलेल्या कॅमशाफ्टच्या चाव्या देत असे. ताण जास्त असेल तर चेनच बदलावी. एक्झॉस्टमधला आतून ढासळलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर श्वास कोंडतो. चिकटलेला ब्रेक कॅलिपर गाडीला मागे खेचत राहतो, आणि तेही चालवणाऱ्याला ‘इंजिन ओढत नाही’ असेच जाणवते. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात बनलेल्या मर्सिडीज इंजिनांच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने भुगा होऊन गळते, हा त्या काळातल्या गाड्यांचा सर्वज्ञात दोष आहे; ई २२० आणि ३.२ लिटरच्या गाड्यांमध्ये तो सगळ्यांत आधी पाहावा. या गळत्या एकेकट्या मोजल्या तर दोन-तीन टक्क्यांच्या असतात. सगळ्या एकत्र आल्या की गाडीची चौथाई ताकद जाऊ शकते, आणि मालकाला वाटत राहते की जुनी गाडी अशीच असते.

यावर पहिला आक्षेप असा: ही तर दुरुस्ती झाली, निरोगी इंजिनातून आणखी ताकद नाही का निघणार? निघेल, पण किती, ते कारखान्याच्या कामातच दिसते. १९८९च्या सुमारास मर्सिडीजने जवळपास त्याच २९६० घन सेंटिमीटरमध्ये एम१०४ हे इंजिन आणले. संपूर्ण नवे सिलिंडर हेड, दोन कॅमशाफ्ट, २४ व्हॉल्व्ह, आत येणाऱ्या हवेच्या कॅमची वेळ बदलणारी यंत्रणा. ताकद १८०वरून २२० झाली, पण ती मिनिटाला ६४०० फेऱ्यांवर. टॉर्क मात्र २५५ न्यूटन-मीटरवरून फक्त २६५वर गेला. म्हणजे प्रत्येक श्वासात इंजिन जवळपास तेवढीच हवा घेत होते, फक्त जास्त वेगाने श्वास घेऊ लागले होते. शहरात आणि घाटात, मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांवर, चालवणाऱ्याला त्याचा फायदा फारसा जाणवत नाही. पुढे कारखान्याने स्वतःच दिशा बदलली. १९९२च्या ३.२ लिटरच्या इंजिनाची ताकद २२०च ठेवली, पण ती ५५०० फेऱ्यांवर आणली, आणि टॉर्क ३१०वर नेला. प्रति लिटर पाहिले तर टॉर्क ८६ न्यूटन-मीटरवरून ९७वर आला, आणि तेवढ्यासाठी हेड, इनटेक, इंधनपद्धती सगळे नव्याने बनवावे लागले. जिथे संपूर्ण नवे हेड एका श्वासात चार टक्के देते, तिथे उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर काय देणार? ३०० ईचा मूळ फिल्टरचा डबा पुढच्या बाजूने थंड हवा घेतो. उघडा फिल्टर बोनेटखालची तापलेली हवा घेतो. आवाज वाढतो आणि आवाजालाच ताकद समजले जाते.

दुसरा आक्षेप चिपचा. कारखाने मुद्दाम ताकद दाबून ठेवतात आणि सॉफ्टवेअर बदलले की ती मोकळी होते, असे सांगितले जाते. टर्बो इंजिनांच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे, आणि तिथे माझे म्हणणे लागू पडत नाही. टर्बो किती दाबाने हवा कोंबेल हे नियंत्रक ठरवतो; तो दाब वाढवला की हवा वाढते आणि ताकदही वाढते. कारखान्याने टिकाऊपणासाठी ठेवलेली मोकळीक तिथे खरोखर शिल्लक असते. पण टर्बोविना, स्वतःच्या श्वासावर चालणाऱ्या इंजिनात नियंत्रकाच्या हाती हवा नाही. त्याच्या हाती ठिणगीची वेळ आणि इंधनाचे प्रमाण आहे, आणि चांगल्या कारखान्याने ती दोन्ही उत्तमाच्या अगदी जवळ ठेवलेली असतात. डब्ल्यू१२४च्या काही इंजिनांत इंधनाच्या दर्जाप्रमाणे ठिणगीची वेळ बदलता यावी म्हणून एक लहानसा रेझिस्टर प्लग आहे. पूर्वी कुणी हलक्या पेट्रोलसाठी तो मागे सरकवून ठेवला असेल, तर आज ९५ ऑक्टेनचे पेट्रोल भरून तो मूळ जागी आणता येतो. पण हीही परत मिळवलेलीच ताकद झाली.

मग मोठा प्रश्न: या इंजिनाला टर्बो लावला तर? हा मार्ग भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चोख आहे. अडचण पुढे येते. वातावरणापेक्षा ०.४ बार जास्त दाब दिला तर हवा चाळीस टक्के वाढेल असे वाटते, पण दाबलेली हवा तापते. ३० अंशांची हवा साधारण ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना ७० अंशांच्या पुढे जाते आणि प्रत्यक्ष वाढ २२ टक्क्यांच्या आसपास उरते. इंटरकूलर लावून ती तीसच्या वर नेता येते. ही हवा ज्या सिलिंडरमध्ये जाते तिथे कॉम्प्रेशन ९.२ला एक इतके आहे. गरम आणि दाट मिश्रण ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधीच आपोआप पेटू लागते, इंजिन ठोकते, आणि ठोकणाऱ्या इंजिनात पिस्टनच्या कडा तुटतात. ते टाळायचे तर ठिणगी मागे घ्यावी लागते, म्हणजे कमावलेल्यातले काही परत द्यावे लागते. शिवाय मूळ केई-जेट्रॉनिक हवा मोजण्याच्या आपल्या मर्यादेला पोचते, म्हणून इंधनपद्धती बदलावी लागते. मग हेड गॅस्केट, रेडिएटर, गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा. यातले प्रत्येक काम एक कुशल इंजिनबांधणीकार उत्तम करू शकतो. पण त्याला ‘टर्बो किट’ म्हणणे चुकीचे आहे. तो गाडीचा अर्धा पुनर्जन्म आहे आणि त्याचा खर्च तसाच मोजायला हवा.

एएमजीचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्शर यांनी १९६७मध्ये काढलेल्या या कंपनीने १९७१मध्ये मर्सिडीज ३०० एसईएल ६.३ ही आलिशान सेडान स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली आणि ती दुसरी आली. कारखान्याची २५० अश्वशक्ती ४२८वर गेली होती. पण इंजिनाचे आकारमान ६.३ वरून ६.८ लिटर, म्हणजे सुमारे आठ टक्केच वाढले होते. उरलेली प्रचंड वाढ कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह आणि हलके केलेले भाग यांतून आली. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला तसे इंजिन नको असते. डब्ल्यू१२४च्या बाबतीत खरा धडा ५०० ईचा आहे. १९९०च्या पॅरिस मोटर शोमध्ये ती दाखवली गेली. तिच्यात पाच लिटरचे, ३२६ अश्वशक्तीचे व्ही-आठ इंजिन होते. या एका बदलासाठी मर्सिडीजने सांगाड्याचे काम पोर्शेकडे सोपवले. चाकांमधली रुंदी वाढवली, मडगार्ड फुगवले, ब्रेक एसएल मालिकेतून घेतले, बॅटरी डिकीत नेली. रुंद झालेला सांगाडा मर्सिडीजच्या नेहमीच्या उत्पादन-रांगेत बसेना, म्हणून गाड्या झिंडेलफिंगन आणि पोर्शेचे झुफेनहाउझन यांच्यामध्ये ये-जा करत तयार होत. ज्यांनी मूळ गाडी बनवली, त्यांनाच दीडशे अश्वशक्ती वाढवायला एवढे करावे लागले. गॅरेजमध्ये दोन आठवड्यांत व्ही-आठ बसवून देतो असे कुणी म्हणाले, तर उरलेले काम कोण करणार हे त्याला विचारावे.

या सगळ्यांत मला शहाणपणाचा वाटणारा एकच मोठा बदल आहे: १८० अश्वशक्तीच्या जागी कारखान्याचेच ३.२ लिटरचे इंजिन, त्याच्या स्वतःच्या वायरिंग आणि नियंत्रकासह. त्याच सांगाड्यात ते कारखान्याने बसवले होते, त्यामुळे आधार, रेडिएटर, गिअरबॉक्स यांची उत्तरे आधीच तयार आहेत. वरची गती त्यामुळे फार वाढत नाही; हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दहा टक्के ताकदीने कमाल वेग जेमतेम तीन टक्के वाढतो. आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाटीलाही ताशी १०० किलोमीटरचीच मर्यादा आहे. मिळते ती ओव्हरटेक करतानाची ओढ, आणि जुन्या सेडानला तीच हवी असते. कायद्याची बाजू मात्र आधी पाहावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल नाकारते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते स्पष्टपणे उचलून धरले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. नोंदणी प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय इंजिन बदलले, तर पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीत इंजिन क्रमांक जुळत नाही आणि विमाही अडचणीत येतो.

ताकद वाढवण्याआधी खर्च करायची जागा चाकांपाशी आहे. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरवरून थांबायचे तर ब्रेकना दीडपटीहून जास्त उष्णता पचवावी लागते. तीस वर्षांच्या रबरी ब्रेक होज आतून फुगतात आणि पेडल दाबल्यावर दाब पूर्ण पोचू देत नाहीत, कधी सोडल्यावर तो परतूही देत नाहीत. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू वर्षागणिक उतरतो. खंबाटकी घाटाच्या उतारावर चौथ्या-पाचव्या वेळी पाय दाबला की ते उकळू लागते आणि पेडल खोल जाते. सस्पेन्शनचे रबरी बुश आणि टायरवर छापलेले उत्पादनाचे वर्ष पाहायलाही अर्धा तास पुरतो. एएमजीपासून पोर्शेपर्यंत ज्यांनी या गाड्यांना वेग दिला, त्यांनी इंजिनाच्या बरोबरीने हेही काम केले होते, आणि मालकाच्या यादीत ते पहिल्या ओळीत असायला हवे.